उजव्या सोंडेची गोगलगाय

ही गोष्ट आजवर मी कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे हो! पेणच्या आमच्या आळीत कुणालाही विचारा — माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळी बातमी माझ्याकडूनच पसरते. मग ही एवढी एकच गोष्ट पंचवीस-तीस वर्षं आत कशी राहिली? सांगते. पण जरा दमानं घ्या, माझी गाडी सरळ जात नाही.

खोटेपणाची गोष्ट आहे. माझ्या. आणि गंमत बघा — ती आठवायला बसले की आधी हसूच फुटतं, कारण ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. अडचणीत सापडलेलं माणूस खोटं बोललं तर निदान — नको. असलं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. गोगलगायींपासूनच सुरुवात करते.

नव्वद सालानंतरचे दिवस. मी रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि राहायची पेणला. रोज एसटीनं जाऊन-येऊन. बेडूक फाडा, झुरळ फाडा, जर्नलवर सह्या करा — दहा वर्षं हेच. एका पावसाळ्यात वर्गाला घेऊन वरसे गावामागच्या डोंगरात गेले होते. तिथं जांभ्या दगडावरच्या शेवाळात काहीतरी हललं. मोहरीएवढं. भिंग लावलं, तर गोगलगाय! मोहरीएवढी! पाठीवर शंख घेऊन निघालीय आपली कामाला. मी तिथंच चिखलात फतकल मारून बसले. पोरी म्हणाल्या, "मॅडम, चक्कर आली का?" काय आलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. प्रेमात पडले म्हणा. चाळिशीच्या बाईनं गोगलगायीच्या प्रेमात पडावं — हसा, खुशाल हसा.

मग वेडच लागलं. पावसानं उघडीप दिली की रविवारी डोंगर. रानातला पालापाचोळा गोणीत भरायचा आणि गोणी एसटीत चढवायची. धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटलेली माणसं बसमध्ये असायची. ती बिचारी गोणीला हात लावायची आणि विचारायची, "बाई, एवढा कचरा पेणला नेताय, तिकडं कमी पडला काय?" घरी आलं की पाचोळा गच्चीवर वाळत टाकायचा. एका बाजूला शेजारणीचे पोह्याचे पापड, दुसऱ्या बाजूला माझा पाचोळा, आणि वारा आला की बोंबाबोंब! वाळलेला पाचोळा रव्याच्या चाळणीनं चाळायचा — हो, घरातल्याच चाळणीनं, नवरा दोन महिने शिरा खाताना संशयानं बघत होता — आणि खाली पडलेलं पाण्यात टाकायचं. रिकामे शंख पाण्यावर तरंगतात. ते ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक उचलायचे.

असे उचलता उचलता एके दिवशी ती सापडली. दोन मिलिमीटरसुद्धा नसेल. शंखाचं तोंड सहसा खाली असतं किंवा बाजूला, हिचं वर. आभाळाकडं. आणि त्या तोंडात चार दात! मी पुस्तकं पालथी घातली, कुठं पत्ता नाही. पुण्यात शंखांचे मोठे जाणकार होते, मी त्यांना नुसतं सर म्हणते. त्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं: सविस्तर वर्णन पाठवा, चित्रांसह, छापण्यासारखं वाटतंय.

चित्रांसह! अहो, मी फळ्यावर बेडूक काढला तर पोरी बटाटा म्हणून वहीत उतरवायच्या.

इथं हिरा येते.

हिरा आमच्या आळीतल्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे देवाचे डोळे रंगवणं. मूर्ती कुणीही रंगवील, पण डोळे ठरलेल्याच हातानं व्हायचे, आणि त्या कारखान्यात तो हात हिराचा होता. कासूच्या पुढं खाडीकाठी तिचं गाव. पावसाळाभर ती कारखान्यात यायची, आणि दिवाळी उलटली की नवऱ्याबरोबर मिठागरावर जायची. खारं पाणी पाय खातं. तिच्या टाचांना भेगा अशा पडलेल्या, की पावसाळा संपेपर्यंत त्या भरून यायच्या नाहीत, आणि भरायला लागल्या की परत मिठाचे दिवस यायचे.

गणपती होऊन गेले होते, कारखान्यात काम थोडंच उरलं होतं. मी तिला म्हटलं, "हिरा, मला गोगलगायी काढून देशील?" ती म्हणाली, "किती मोठ्या?" मी तळहातावर एक शंख ठेवून दाखवला. तिनं तो बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि तिला वाटलं असावं की बाईंचं डोकं फिरलंय. पण आली. परवानगी घेऊन मी कॉलेजातला मायक्रोस्कोप घरी आणला होता. मी सकाळचं कॉलेज करून दोनपर्यंत परतायचे, ती भाकरी खाऊन यायची, आणि आम्ही दोघी खिडकीपाशी बसायचो.

पहिल्यांदा तिनं डोळा लावला तो क्षण मी विसरणं शक्य नाही. ओरडलीच. "आवो बाई! हिला तं दात हाईत!" मग हसायला लागली, मग मला हसू आलं, आणि आम्ही दोघी एका गोगलगायीच्या दातांवरून एवढ्या हसलो की खालच्या घरातून विचारणा झाली.

काय हात होता हो तिचा! श्वास रोखून रेघ ओढायची. म्हणायची, "डोला काडताना श्वास घेयाचा नाय, देव थरथरतो." ती शंखावरच्या बारीक रेषा मोजायची आणि तेवढ्याच काढायची. मी म्हणायचे, अगं, अंदाजानं काढ, तर मान हलवायची. एकदा चित्र पुरं झालं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बग गो बाय, कशी बसलीय!" लगेच जीभ चावली — कॉलेजातल्या बाईंना गो म्हटलं म्हणून. मला इतका आनंद झाला, की मी तिला दुसरा चहा केला. मला कुणी गो म्हणून हाक मारून वर्षं झाली होती.

आता नीट ऐका, कारण सगळं इथं आहे.

मी हिराला पाच-सहा प्रकारचे शंख काढायला दिले होते. माझी ती आभाळाकडं तोंड केलेली तिनं हातात घेतली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, बाकीच्या सगल्या डाव्या सोंडेच्या. ही येकटी उजव्या सोंडेची." मी बरं म्हटलं. गणपतीच्या कारखान्यातली बाई, तिला शंखातसुद्धा सोंड दिसणारच! उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक, त्याचं सगळं सोवळ्यात करावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हिरानं तेच सुरू केलं. तसले पंचवीसेक शंख तोवर मला सापडले होते; त्यांना हात लावायच्या आधी ती हात-पाय धुऊन यायची. माझ्या डबीतून काढून तिनं ते घरून आणलेल्या पितळी करंड्यात कापसावर ठेवले आणि वर चिठ्ठी चिकटवली — "उजवा". मी आपली मजा बघत होते.

शंख उजवा की डावा, हे आमच्या शास्त्रातही बघतात. ओळखायचं सोपं आहे: टोक वर धरा, तोंड आपल्याकडं करा. तोंड आपल्या उजव्या हाताला आलं तर उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. जगातल्या बहुतेक गोगलगायी उजव्याच असतात. डावी म्हणजे नवल. तेव्हा मी वर्णन लिहायला बसले आणि त्या रकान्यात काय लिहावं म्हणून करंड्याकडं बघितलं, तर चिठ्ठीवर "उजवा". लिहून टाकलं — उजवा. दात मी चार वेळा मोजले होते, उंची सहा वेळा मापली होती. पण तोंड कुठल्या हाताला आहे, हे शंख हातात धरून मी बघितलंच नाही. चिठ्ठी वाचली आणि लिहिलं. एम.एस्सी. पहिला वर्ग!

आधी मी सरांना नुसती चार चित्रं धाडली होती. त्यांचं उत्तर आलं ते मी एसटीत उभ्यानं वाचलं. ही चित्रं कुणाची? शंखांच्या एका मोठ्या ग्रंथाचं काम आमच्याकडे सुरू होतंय, तीन वर्षं तरी चालेल. असा हात आम्ही शोधतोय. शंख पोस्टानं पाठवू, बाईंनी घरी बसून काढावेत. दरमहा पगार मिळेल, ग्रंथात नाव येईल. कळवा.

मी बसमधून उतरले ती थेट कारखान्यात. हिराला वाचून दाखवलं. ती पगाराचं काही बोलली नाही, नावाचंही नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे औंदा मिठात पाय घालाचा नाय?" मी म्हटलं, नाही घालायचा. तिनं तिथल्या तिथं, रंगाच्या डब्यांमध्ये, स्वतःभोवती एक गिरकी घेतली. तिशी उलटलेली, दोन मुलींची आई! कारखान्यातल्या सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

मग मी पूर्ण वर्णन आणि बाकीची चित्रं पाठवली. माझे मोहरीएवढे शंख पाठवले नाहीत, पोस्टात त्यांचा चुरा झाला असता. पंधरा दिवसांनी कॉलेजच्या पत्त्यावर सरांचं दुसरं पत्र आलं. त्यातल्या ओळी मला पाठ आहेत. "आपल्या मजकुरात शंख उजवा आहे, चित्रात डावा. दोन्ही खरं असू शकत नाही. चित्रकार बाई आरशात पाहिल्यासारखं उलटं काढत असतील, तर आमच्या कामाला त्यांचा उपयोग होणार नाही. चूक मजकुराची की चित्राची, ते कृपया कळवावं."

घरी आले. करंडा उघडला. हात न धुता, चपलासुद्धा न काढता. एक शंख चिमट्यानं उचलून काचेखाली धरला. टोक वर, तोंड माझ्याकडं.

डाव्या हाताला.

दुसरा बघितला. डाव्या. तिसरा, चौथा, सगळेच्या सगळे डावे! अहो, मला काय झालं सांगू? मी नाचले. खरंच नाचले, चपला घालून स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले. कारण दात होते, वर वळलेलं तोंड होतं, आणि त्यात डावं वळण — या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली गोगलगाय कुठल्याच पुस्तकात नव्हती. तोवर सरांना वाटत होतं, की माहीत असलेल्या घराण्यातलंच हे एक नवं नाव. आता घराणंच नवं निघालं होतं. शास्त्रात प्रत्येक प्राण्याला नाव असतं आणि आडनाव असतं. आडनावाला म्हणतात जीनस. नवं नाव पुष्कळांना सापडतं. नवं आडनाव? ते पेणच्या गच्चीवर, पोह्याच्या पापडांशेजारी सापडलं होतं!

तेवढ्यात हिरा आली. मी तिला खांद्याला धरून हलवलं. "हिरा, ही डावी आहे गो! डावी! तू चिठ्ठीवर उजवा कसं लिहिलंस?" ती शांतपणे म्हणाली, "उजवाच हाय." मी म्हटलं, "हे बघ, तोंड कुठल्या हाताला?" ती म्हणाली, "कुनाच्या हाताला? तुमच्या डाव्या. पन देवाच्या उजव्या. सोंड देवाच्या अंगानं धरायची असते बाई, बगनाऱ्याच्या नाय."

कळलं तुम्हाला? मूर्ती आपल्या समोर बसलेली असते, तिचा उजवा तो आपला डावा. अख्खं पेण सोंड अशीच मोजतं. मी पेणची लेक, पेणची सून, दर वर्षी डाव्या सोंडेचा गणपती डोक्यावरून घरी आणणारी — आणि मला हे सुचलं नाही! हिरानं पहिल्याच दिवशी, पहिल्याच नजरेला सांगितलं होतं, की बाकीच्या सगळ्या एका बाजूच्या आणि ही एकटी दुसऱ्या बाजूची. नव्या घराण्याची ती खूण मला नाही, हिराला दिसली होती. मी तिला हे सांगितलंसुद्धा, आणि आम्ही परत हसलो. पोटात दुखेपर्यंत हसलो. ती म्हणाली, "मंग मीच शोद लावला म्हना की!" मी म्हटलं, "तूच गो, तूच!"

ती गेली. मी पत्र लिहायला बसले. चार-साडेचार झाले असतील, उन्हं अजून खिडकीत होती.

काय लिहायचं होतं? दोन ओळी. चूक मजकुराची; मी शंख न बघता चिठ्ठी वाचून लिहिलं. चित्र बरोबर आहे. संपलं. याच्यापलीकडं काही नव्हतं. पण पहिली ओळ लिहायला घेतली आणि सर ती वाचतायत असं डोळ्यांपुढं आलं. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकेनं शंख न बघता उजवा लिहिला? मग दात तरी मोजले असतील का? उंची तरी मापली असेल का? मी कागद फाडला. दुसरा घेतला.

दुसऱ्या कागदावर मी जे लिहिलं ते असं. "चित्रकार बाईंना गणपतीच्या कारखान्यातल्या सवयीमुळे डावं-उजवं उलटं काढण्याची खोड आहे. ते ध्यानात घेऊनच मी मजकुरात उजवा असं लिहिलं होतं. मात्र फेरतपासणीत मला असं आढळून आलं, की हा शंख मुळातच डावा आहे. त्यामुळे या बाबतीत चित्र योगायोगानं बरोबर ठरलं."

योगायोगानं! शब्द बघा. बेमालूम होता हो. माझी चूक ही माझी सावधगिरी ठरली. हिराला दिसलेलं मला आढळून आलं. आणि तिची रेघ, श्वास रोखून ओढलेली — ती आंधळ्यानं मारलेला दगड लागावा तशी लागली. तीन ओळींत एवढं सगळं. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ना, ते गोगलगायीबद्दल उगीच म्हणतात. त्या म्हणीत मी बसते.

आणि मला माहीत नव्हतं असं तर नाहीच. "उपयोग होणार नाही" हे पत्रातलं वाक्य माझ्यासमोर, त्याच टेबलावर होतं. ते वाचूनच मी लिहिलं. चिकटवलं, तिकीट लावलं, स्वतः चालत जाऊन पेटीत टाकलं. आणि खरं सांगू? परत येताना मी गाणं गुणगुणत होते. आडनावाचा आनंद एवढा मोठा होता, की त्यात हे बुडून गेलं. पश्चात्तापानं जीव तळमळला असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. नाही तळमळला. त्या संध्याकाळी मी शिरा केला, बेदाणे घालून.

सरांचं उत्तर आलं, अभिनंदनाचं. खाली एक ओळ — चित्रकारासाठी आम्ही दुसरीकडे बघतो. मी हिराला सांगितलं, "अगं, ती जागाच रद्द झाली." ती कुंचले धूत होती. धुता धुता थांबली आणि म्हणाली, "माज्या त्या उजव्या-डाव्यापायी तं नाय ना बाई?"

इथं तरी? इथं तरी नाही म्हणायचं ना? एक शब्द. पण ती बघत होती, आणि तिच्याकडं बघवेना, आणि वाटलं की हिलाच जर असं वाटत असेल तर प्रश्नच मिटतो — मी म्हटलं, "थोडं तेही असेल."

तिनं मान डोलावली. मग हसली. "माजंच चुकलं. देव नि गोगलगाय येकच कशी धरली मी!" वर मलाच म्हणाली, "जाऊ द्या, तुमी नका वाईट वाटून घेऊ. आपुन नवी गोगलगाय काडली का नाय?" आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन आली. मी खाल्ली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, चविष्ट होती.

त्या हिवाळ्यात हिरा मिठागरावर गेली.

पुढच्या वर्षी माझा लेख छापून आला. नवा जीनस, नवी जात, पुढं माझं नाव. चित्रं हिराचीच छापली — बरोबर होती ना ती! — पण खाली नाव कुणाचंच नव्हतं. कॉलेजात सत्कार झाला. मी भाषणात नवऱ्याचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले, एसटीच्या कंडक्टरचे मानले, रव्याच्या चाळणीचेसुद्धा मानले, आणि सभागृह हसून हसून लोळलं. हिरा तिसऱ्या रांगेत होती, नवं लुगडं नेसून, दोन्ही मुलींना घेऊन. टाळ्या तिच्याच सगळ्यात मोठ्या. बाहेर आल्यावर तिनं भेटेल त्याला सांगितलं, "आमच्या बाईंनी शोद लावला." आमच्या बाईंनी. हे तिनं मनापासून म्हटलं, तिला दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

मला त्या दिवशी आनंद झाला का? झाला. आजही होतो. त्या गोगलगायीचं चित्र कुठल्या पुस्तकात दिसलं की माझं मन उड्या मारतं, त्याला मी काय करू? ती आहेच तशी देखणी, तोंड वर करून बसलेली.

हिरा अजून डोळे रंगवते. आता लेकीनं स्वतःचा कारखाना घातलाय, पेणमध्येच वाशी नाक्याकडं, आणि जाड भिंगाचा चष्मा लावून हिरा तिथं आखणीला बसते. मी दर वर्षी गणपती तिच्याकडूनच नेते. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "उजव्या सोंडेचा दाखवा," की हिरा हातातला कुंचला थांबवून विचारते, "कुनाच्या अंगानं?" लोकांना वाटतं म्हातारी थट्टा करते. लेक वैतागते, म्हणते, आई, अख्ख्या पेणला ठाऊक आहे, तूच काय विचारतेस? तरी ती विचारतेच. मूर्तीवरची चिठ्ठी लिहिताना दोनदा बघते, एकदा मूर्तीकडून, एकदा आपल्याकडून. लहानपणापासून जे तिला श्वासासारखं ठाऊक होतं, ते ती आता विचारून घेते. थट्टा नाही ती. ते माझं "थोडं तेही असेल" आहे.

हे छापून येईल तेव्हा हिराची लेक ते तिला वाचून दाखवील. दुपारी, काम आटोपल्यावर, ती आईला असलं सगळं वाचून दाखवते. म्हणून जे लिहायचं ते स्पष्ट लिहिते.

हिरा, तुझं एकही चित्र उलटं नव्हतं. तुझी चिठ्ठीही बरोबर होती. जागा रद्द झाली नव्हती. तू उलटं काढतेस असं मी सरांना लिहिलं, आणि तू उलटं काढत नाहीस हे मला लिहिताना माहीत होतं.